काउंटरपलीकडची तेता

ओपचिने गावाहून त्रिएस्ते शहराकडे निघालेली ट्राम ओबेलिस्कचा थांबा सोडून उताराला लागली, की बायकांचे आवाज आपसूक खाली यायचे. वर गावात स्लोव्हेनमध्ये एकमेकींची उणीदुणी काढणाऱ्या ह्याच बायका खाली चौकात उतरेपर्यंत इटालियन बोलायला लागायच्या. स्लोव्हेनवर बंदी घालणारे फॅसिस्ट जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण भीती काही गेली नव्हती मेली!

दारिंका ह्या बाबतीत पक्की तयार झाली होती. सिन्योरा बेनुस्सीच्या कापडदुकानात ती काउंटरला होती, आणि मालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गिऱ्हाइकांसमोर तुमची ती डोंगरातली भाषा नको हं."

त्या सकाळी दुकान भरलेलं होतं. दार ढकलून युस्तिना सोसिच आत आली. डोक्याला रुमाल, हातात टोपली, आणि आवाज? अख्ख्या गल्लीला पुरेल एवढा.

"काय गं दारिंका, आहेस ना जिवंत? रविवारी तोंड दाखवत नाहीस ती!"

चक्क स्लोव्हेनमध्ये. बायका वळून बघायला लागल्या. एकीनं नाकही मुरडलं.

तेता म्हणजे मावशी, आणि युस्तिना गावातल्या सगळ्यांचीच तेता. तिची गोष्टींची पुस्तकं घरोघर प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी ठेवलेली असत. भाषेवर बंदी होती तेव्हा ती आपल्या स्वयंपाकघरात पोरांना लिहा-वाचायला शिकवायची. प्रत्येकासमोर बटाटे आणि सुरी. दार वाजलं, की सगळी सोलायला लागायची. शेवटी पकडली गेलीच. कोर्ट म्हणालं, इटालियनमध्ये माफी माग आणि घरी जा. तिला काय इटालियन येत नव्हती? फर्डी येत होती! पण तिनं एक शब्द काढला नाही, मुकाट तुरुंगात गेली. सुटल्यावरही शहरात आली तर मासळीवाल्याला बोट दाखवून मासे घ्यायची, पण इटालियन बोलायची नाही.

त्या बटाटे सोलणाऱ्या पोरांत दारिंका सगळ्यांत धाकटी होती.

आणि त्याच दारिंकानं मालकिणीकडे चोरून पाहिलं आणि इटालियनमध्ये विचारलं, "बोला बाई, काय दाखवू आपल्याला?" जणू ओळखदेखच नाही!

तेता तिच्याकडे बघत राहिली. मग काही न घेता निघून गेली.

दारिंकाला घरी घास गिळवेना. भावानं तिच्या आवडीचा योता केला होता, कोबी-घेवड्याचं दाट सूप, तोही तसाच राहिला. आपण माणूस आहोत की कोण, असं तिला झालं होतं. रविवारी ती तेताच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तेता द्राक्षाच्या वेली बांधत होती.

"तेता, थोबाडीत मार माझ्या."

"वेडी की खुळी? ती दोरी धर आधी."

"मला लाज वाटते गं. तोंड दाखवायला जागा नाही."

"तुझी आई अंथरुणाला, भाऊ बेकार. नोकरी घालवून बसलीस, तर काय माझी पुस्तकं उकडून खाल?"

"ते काही नाही. तू पुन्हा ये. पडद्याचं कापड हवंय ना तुला? सगळ्यांसमोर आपल्या भाषेत बोलेन. आईशपथ!"

तेता हसली. "बघू," म्हणाली.

दारिंकानं आरशासमोर उभं राहून सराव केला. एवढंसं तर वाक्य होतं, "ये तेता, बस." ट्राममध्येही ती ते मनात घोकत होती.

त्याच आठवड्यात तेता आली. दुकानात गर्दी, मालकीण गल्ल्यावर. दारिंका काउंटरशी पुढे झाली. तिनं श्वास भरून घेतला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तेताच बोलली. खालच्या आवाजात, स्वच्छ इटालियनमध्ये.

"नमस्कार, बाई. पडद्यासाठी जरा कापड दाखवता का?"

कोर्टाला जे जमलं नव्हतं, तुरुंगाला जमलं नव्हतं, ते दारिंकानं करून दाखवलं होतं.

अजूनही वेळ गेली नव्हती. पाठ केलेलं वाक्य ओठांवर होतं. म्हण ना गं, म्हण! पण समोरून सुटका आयती मिळाली होती, मालकीण बघत होती, आणि अंगात एकदम हलकंच वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त शरम वाटली.

"दाखवते ना, बाई," ती इटालियनमध्ये म्हणाली.

तिनं हिरवं ठाण काढलं, मोजलं, कापलं. मान काही वर झाली नाही. तेतानं घडी टोपलीत ठेवली.

"आभारी आहे," जाताना ती म्हणाली. तेही इटालियनमध्येच.