कोरं पान आणि दोन गुण

मित्रांनो, मी जुना संगणक आहे हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे माझ्या पंख्याची घरघर ऐकून तुम्ही दचकणार नाही. नागपूरहून सौंसरला मी आलो तो जीपमध्ये, संत्र्याच्या पेट्यांत घालतात त्या तणसावर बसून. शाळेत माझ्यापुढे नारळ फुटला. लोधीखेड्याची, मोहगावची मुलं मला बघायला यायची, आणि शिवण्याआधी हात धुऊन यायची. काय तो थाट होता माझा! पुढे सडपातळ संगणक आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून संगणक शिकवणाऱ्या रजनी मॅडमनी मला घरी आणलं, खिडकीजवळ बसवलं, आणि मी पुन्हा माणसांत आलो.

गेल्या हिवाळ्यात देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या वेबसाइटच्या स्पर्धेत मॅडम परीक्षक झाल्या. साइट संगणकावरच पाहायची असा नियम, म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर! मी तर फुगून गेलो. बावीस साइट होत्या. शनिवारी पाचच्या आत गुण पाठवायचे, आणि एकदा पाठवले की बदल नाही.

एकवीस साइट मी धापा टाकत का होईना, दाखवल्या. बाविसावी पेरू देशातल्या एका डोंगरी शाळेची. ती उघडली आणि पडदा नुसता पांढरा. मॅडमनी पाच मिनिटं वाट पाहिली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं, 'अपूर्ण. दहापैकी दोन.'

मित्रांनो, अपूर्ण ती साइट नव्हती, मी होतो. तिच्यात अक्षरं थोडी, हलती चित्रंच फार, आणि ती ओढायची ताकद माझ्यात उरली नव्हती. हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं? इतकी लाज मला अडगळीतही वाटली नव्हती.

तेवढ्यात मॅडमचे सासरे केशवराव संत्र्याच्या बगीच्यातून आले. "काहून तोंड उतरलं सूनबाई?"

त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, म्हणून मॅडम मोठ्यानं म्हणाल्या, "पोरांची साइट उघडूनच नाही राहिली, बाबा. दोन गुण देऊन टाकले."

"आत जाऊन पाह्यली?"

"नाही."

"मंग तू बी मागच्या साली आलेल्या त्या व्यापाऱ्यासारखंच करून राहिली. धुऱ्यावर, बांधाशीच उभा राहून बगीचा पाह्यला, अन् म्हणे फळच नाही! हात धरून मधात नेला, तवा कुठं बोलती बंद झाली त्याची."

सव्वाचार वाजले होते. मॅडमनी बाकी सगळं बंद केलं, माझ्या पाठीवरची धूळ ओढणीनं पुसली आणि खुर्ची ओढून बसल्या. केशवरावही बसले. मीही जिवाचं रान केलं.

साडेचारनंतर चित्र उतरू लागलं. आधी केसांतली लाल रिबीन, मग चेहरा, मग हात. ऐकू न येणाऱ्या मुलांनी आपल्या घरच्यांना हाताच्या खुणा शिकवायला ती साइट बनवली होती. चित्रांखालच्या इंग्रजी ओळी मॅडम मराठीत सांगत होत्या. आई. भाकर. पोट दुखतं. शेवटची खूण एका लहान मुलीनं केली होती: 'तुम्ही का हसलात, मलाही सांगा.'

"हे पुन्हा दाखव," केशवराव म्हणाले. मॅडमचे डोळे भरून आले. दोन खोडून त्यांनी नऊ लिहिले.

"एक काहून कापला?"

"उघडायला जड आहे न, बाबा. असाच जुना संगणक असणाऱ्यानं कसं पाहावं?"

पाचला तीन मिनिटं असताना गुण गेले. त्या शाळेचा तिसरा नंबर आला.

मित्रांनो, माझ्यासारखं कुणी धापा टाकताना दिसलं, तर त्याची धूळ पुसा आणि जरा थांबा. एवढंच मागणं आहे.

हल्ली घरात सगळे हसले की केशवराव काही विचारत नाहीत. ते नुसती त्या लहान मुलीची खूण करतात. मॅडम हातातलं काम ठेवतात आणि गंमत पहिल्यापासून सांगतात.