खून नसलेलं पुस्तक

काळूरामने पुस्तक उघडलं आणि सवयीने कानामागची पेन्सिल काढली. पन्नासाव्या पानाच्या आत खुनी ओळखायचा आणि त्याचं नाव समासात लिहून मोकळं व्हायचं, हा त्याचा वीस वर्षांचा शिरस्ता. पनवेलच्या वाचनालयातल्या निम्म्या रहस्यकथा त्याने अशा नासवून ठेवल्या होत्या. आज मात्र त्याच्या लेकीने, रंजिताने, हातात ठेवली होती एक जुनी, नावाजलेली प्रेमकथा.

"आबा, एकदा वाचा. मग काय बोलायचं ते बोला," एवढंच ती म्हणाली होती.

प्रेमाबिमाची त्याला भारी चीड. तरी बसला, कारण वेळ जाता जात नव्हता. मोरा बंदराच्या जेट्टीवर तिकिटं फाडणाऱ्या केतनला 'समजवायला' त्याने धाकट्या भावाला, बाळूला, सकाळीच जीप देऊन पाठवलं होतं. रविवारी रंजिताचा त्याने ठरवलेल्या मुलाशी साखरपुडा होता आणि पोरगी त्या केतनचं नाव सोडायला तयार नव्हती.

पन्नास पानं झाली, शंभर झाली. खून नाही, पोलीस नाही. नायिकेचा बाप तेवढा तिच्या खोलीला कुलपं घालत होता. पोर आतून दार वाजवत राहिली आणि बाप बाहेर बसून ऐकत राहिला, तिथे काळूरामने मान वर करून पाहिलं. स्वयंपाकघरात रंजिता भांडी घासत होती, पण आवाज म्हणून येत नव्हता.

त्याने समासात लिहिलं, 'बाप'.

लिहिलेलं पाहून तो स्वतःच चरकला. बाळूचा हात किती जड आहे, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"रंजू, मी मोऱ्याला जाऊन येतो."

ती राखेच्या हातांनीच दारात आली.

"मोऱ्याला? काका तिकडे गेलाय?"

अंगणात जाऊन त्याने राजदूतला किक मारली. दुसरी मारली. तेवढ्यात जीप आत शिरली.

बाळू उतरला तो सरळ नळाकडे गेला. बराच वेळ हात धूत राहिला.

"दादा, आता साखरपुड्याचं बघ. तो आडवा नाय येनार."

"काय केलास तू?"

"तूच बोल्लास ना, समजाव."

काळूरामला गाडीवरून उतरणं सुचेना.

"काका," रंजिताने दारातूनच विचारलं, "केतन बोलतोय ना अजून?"

बाळूने नळ आणखी मोठा सोडला.