निळं मीठ

नर्सने कपड्यांची पिशवी कोलेटच्या हातात दिली. "घरच्या जिन्यावरून घसरले म्हणे. खुबा मोडलाय. उद्या सकाळी ऑपरेशन."

कोलेटने सासऱ्यांचा जाड कोट घडी घालायला बाहेर काढला आणि तिचे हात थांबले. कोटाच्या उजव्या अंगाला, कमरेपासून खाली, वीतभर रुंद निळा डाग होता. अजून ओला.

घरच्या जिन्यावर निळं काही नव्हतं. सासरे, वेइको निस्कानेन, बर्फावर पाय घसरू नये म्हणून घरच्या पायऱ्यांवर चुलीतली राख टाकत आणि मीठ टाकणाऱ्या शेजाऱ्यांना नावं ठेवत. निळं मीठ टाकायची ती कोलेट. टॅमरॅक प्लाझा या दुकानांच्या संकुलाच्या पार्किंगवर, बर्फ वितळवायला, रोज, ट्रकमागच्या चक्रीतून. कुठे पडलं नि कुठे राहून गेलं हे दिसावं, म्हणून त्याला रंग असतो. अख्ख्या थंडर बे शहरात हा डाग कुठला, हे तिच्याइतकं कोण ओळखणार?

ती तडक खोलीत शिरली. "पप्पा, जिन्यावर पडलात?"

"जिन्यावर."

"कुठल्या पायरीवर?"

"तिसऱ्या."

"तिसऱ्या पायरीवर निळं मीठ कधीपासून टाकायला लागलात?" तिने कोट त्यांच्या डोळ्यांपुढे धरला.

वेइकोंनी छताकडे बघितलं. "इथली कॉफी म्हणजे मोज्याचं पाणी आहे. येताना घरून आण."

"पप्पा!"

"ओरडू नकोस, दवाखाना आहे." मग त्यांचा आवाज खाली आला. "प्लाझाचा करार मीही वाचलाय, पोरी. तिथे कुणीही पडलं तरी खापर तुझ्याच डोक्यावर. विमा कंपनीने एकदा हात झटकले की तुझा ट्रक अंगणात गंजणार. बेकरीवाल्या हेल्वीने मला उचलून गाडीत घातलं, इथे आणलं. तिला मी शपथ घातलीय. मी जिन्यावर पडलो. विषय संपला."

विषय कसला संपतो? कोलेट बाहेर येऊन बाकावर बसली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आणि खरं सांगायचं तर निम्मी आग स्वतःवरच होती.

चौतीस वर्षं वेइकोंनी तो प्लाझा सांभाळला. चौतीस हिवाळे, आणि एकही माणूस पडला नाही. गुडघे गेले तेव्हा ट्रकची चावी त्यांनी खाणीवर राबणाऱ्या मुलाला दिली नाही, सुनेला दिली. दर ऑक्टोबरला ते बादलीभर पाणी घेऊन पार्किंगच्या वरच्या टोकाला जायचे, पाणी ओतायचे, आणि ते जाईल त्याच्या मागे मागे रंगाचा डबा घेऊन खुणा करत चालायचे. पाणी वरून निघायचं, दुकानांच्या दारांसमोरून वळायचं आणि खालच्या कोपऱ्यातल्या गटारात पडायचं. म्हणून बर्फाचा ढीग खालच्या कोपऱ्यात, गटाराशेजारी. कोलेटनेही या ऑक्टोबरला तेच केलं होतं, नकाशा काढला होता, आणि प्लाझाच्या मॅनेजरने, ट्रेव्हर हॅलोरनने, त्यावर सही केली होती.

डिसेंबरात प्लाझात सोफ्यांचं नवं दुकान आलं. ढिगामुळे रस्त्यावरून त्यांचा बोर्ड दिसेना. ट्रेव्हरने फर्मावलं, ढीग वर हलव.

"वर हलवला तर दुपारी उन्हाने वितळेल, बेकरीच्या दारासमोरून वाहील आणि चारनंतर गोठून काच होईल," तिने सांगितलं होतं.

"मग मीठ जास्त टाक," तो म्हणाला होता. जणू हिला आमटी कशी करायची ते शिकवतोय. जास्त टाकलेलं मीठ त्याच पाण्याबरोबर वाहून जातं, आणि पारा उणे पंधरावर उतरला की उरलेल्याचाही उपयोग होत नाही. हेही तिने सांगितलं. आणि मग, सगळं सांगून झाल्यावर, मूग गिळून ढीग वर हलवला. स्वतःच्या हाताने. ज्या माणसाने तिला हे काम शिकवलं, तो रोज चारला त्याच दारातून कॉफी आणि वेलचीचा पाव घ्यायला जातो हे माहीत असून.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट झालं. दुपारी दोनला कोलेट प्लाझात पोचली. आभाळ भरलेलं, उणे चौदा, सगळं कडक. ट्रेव्हर बेकरीच्या दारासमोर उभा होता, पातळ तळव्याच्या चकचकीत बुटांत.

"सासऱ्यांचं कळलं," तो म्हणाला. "वाईट झालं. पण जिन्यावर पडले असंच सगळ्यांना सांगितलं ना त्यांनी? शहाणा माणूस. सगळ्यांच्याच भल्याचं आहे."

कोलेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला ठाऊक होतं ते इथे पडले?"

"कॅमेरे आहेत, कोलेट. पण कुणी मागितलं नाही तर मी कशाला दाखवू? आणि बघ ना, कुठे आहे बर्फ? सगळं कोरडं ठणठणीत आहे."

"कालचा थर खरवडलाय आणि आज ऊन नाही, म्हणून कोरडं आहे! इथेच थांब. हलू नकोस."

तिचं 'तुम्ही' कधी गळून पडलं, तिला कळलं नाही. ती बेकरीत शिरली. हेल्वीने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारता बादली नळाखाली लावली. कोलेट बादली घेऊन वर चढली आणि ढिगाच्या पायथ्याशी तिने ती पालथी केली.

पाणी निघालं. चौतीस वर्षं जात होतं तसंच. दोन गाड्यांच्या मधून, कडेच्या दगडाला लागून, वळसा घेऊन, बेकरीच्या दारात. ट्रेव्हरच्या बुटांभोवती पसरून ते थांबलं, कारण वर्षानुवर्षांच्या मिठाने डांबर पोखरून तिथे खळगा झाला होता.

"हा काय वेडेपणा?" तो ओरडला.

"थांब अजून पाच मिनिटं. माझा सासरा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, तुला पाच मिनिटं उभं राहवत नाही?"

लोक दारात जमले म्हणून तो थांबला. पाण्याची चकाकी आधी गेली, मग परत आली, वेगळी. त्याने पाऊल उचललं, आणि दुसरं निसटलं. दाराची मूठ धरून तो लोंबकळला. कुणी हसलं नाही. हेल्वीने आतून हातही दिला नाही.

"जास्त मीठ टाकू का रे?" कोलेट म्हणाली. "सांग ना! टाकू?"

मग तिने लोडर सुरू केला. वरचा ढीग फावड्याफावड्याने खाली आणला, नकाशात होता तिथे, गटाराशेजारी. चार वाजेपर्यंत सोफ्यांच्या बोर्डाचं एक अक्षरही दिसत नव्हतं. करार तुटला तर तुटला.

संध्याकाळी घरची कॉफी घेऊन ती दवाखान्यात गेली. वेइको जागे होते, चेहरा मेणासारखा पिवळा.

"हेल्वीचा फोन आला होता," ते म्हणाले. "ढीग हलवलास?"

"हलवला."

"बोर्ड?"

"पूर्ण झाकला."

ते हसले, खुबा दुखला, आणि त्यांनी फिनिश भाषेत अशी शिवी हासडली की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला. मग त्यांनी कॉफीचा कप हातात घेतला.

"पप्पा, तुम्ही माझ्या बर्फावर पडलात," कोलेट म्हणाली. तिचा आवाज आता फुटला. "चौतीस वर्षांत पहिले तुम्ही. ढीग मीच हलवला होता. त्याने कितीही फर्मावलं, तरी मी नाही म्हणायला हवं होतं. विमा गेला तर जाऊ दे. पण उद्या तिथे दुसरं कुणी पडलं, आणि मी आज गप्प बसले असले, तर मी त्या ट्रकमध्ये चढू शकणार नाही."

वेइकोंनी कप खाली ठेवला.

"त्या नर्सला बोलाव," ते म्हणाले. "कागदावरचा जिना खोडून टाकायला सांगतो. आणि कोट धुऊ नकोस."