वस्तादांचे पाच सवाल

पिंपरी पेंढारच्या जत्रेत शेवटून दुसरी कुस्ती मढ गावच्या भिकानं मारली, पण त्याच झोकात तो कडेच्या बैलगाडीवर गेला आणि चाकाच्या लोखंडी धावेवर त्याचं डोकं आपटलं. हलगी थांबली. भिका उठला, अंगावरची माती झटकली आणि गाडीच्या बैलाला हात जोडून म्हणाला, "राम राम, पावणं."

लोकांना पोराचा नम्रपणा आवडला. त्याचे वस्ताद, जुन्नरचे पीरमहंमद, मात्र ताडकन उठले.

डोक्याला मार बसलेल्या गड्याला वस्ताद पाच सवाल विचारत. नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता, पुढची कुस्ती कोणाशी, सकाळी काय खाल्लं. एक चुकला तरी कुस्ती बंद. चार वर्षांपूर्वी त्यांच्या अन्सारनं असाच मार खाऊन स्वतःचं नाव बरोबर सांगितलं होतं, आणि बापानं तेवढ्यावर लेकाला पुन्हा मातीत सोडलं होतं. दिवेलागणीला अन्सार गेला. तेव्हापासून सवाल पाच झाले.

अडचण एवढीच, की तालमीतल्या पोरांनी उत्तरं ओळीनं पाठ करून ठेवली होती. जोर काढताना ती आकडे मोजत नसत, उत्तरंच म्हणत.

वस्तादांनी भिकाच्या डोळ्यांवर हाताची सावली धरली, काढली. बाहुल्या झोपेतून उठल्यासारख्या हलल्या. मग त्यांनी सवाल मुद्दाम शेवटापासून सुरू केले.

"सकाळी काय खाल्लंस?"

"भिका."

"म्होरची कुस्ती कुनाशी?"

"मढ."

"आज वार कोन्ता?"

"रविवार."

"गाव?"

"जानकूशी."

"नाव काय तुजं?"

"नाचणीची भाकरी," भिका खणखणीत आवाजात म्हणाला.

टाळ्या पडल्या. पंच भिमाजी खूश झाले. "पाचच्या पाच बरोबर! उतरवा गडी."

"भिमाजीभाऊ, त्यानं नाव भाकरी सांगितलं."

"तुमी उलटं इचारलं, त्यात पोराचा काय गुन्हा? मला तर तुमचंच डोकं ठिकाणावर दिसत न्हाई. सांगा बरं, आज वार कोन्ता?"

समोर नारायणगावचा जानकू शड्डू ठोकत होता. भिका बैलाची खुशाली विचारत होता.

"बुधवार," वस्ताद म्हणाले.

सवाल चुकला की आडवं व्हायचं आणि सूर्य मावळेपर्यंत त्याला कोणी उठवायचं नाही, हा नियम वस्तादांचाच. चौघांनी त्यांना उचलून गाडीखाली निजवलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. मग भिमाजींना आठवलं, की वस्तादांनी पाठीवर माती टाकल्याशिवाय त्यांचा चेला आखाड्यात उतरत नसे.

"वस्ताद, पडल्या पडल्या चिमूटभर माती टाका की राव!"

"कोन वस्ताद?" पीरमहंमद म्हणाले.

कुस्ती मोडली. लोक शिव्या देत रेवड्यांच्या दुकानाकडे गेले. भिका येऊन शेजारी आडवा झाला. वस्तादांनी आपलं फडकं काढून त्याच्या कपाळावर ठेवलं.

"कुस्ती कवा हाय, वस्ताद?"

"उद्या."

घटकाभरानं त्यानं तेच विचारलं. वस्तादांनी तेच सांगितलं. ऊन उतरेस्तोवर हेच चाललं.

दिवेलागणीला भिकानं डोळे मिटले. वस्ताद धडपडून उठले आणि त्याला गदागदा हलवलं. "सकाळी काय खाल्लंस?"

"भाकरी," भिका वैतागून म्हणाला. "आन् आता परत भूक लागलीया."

"नाव?"

"भिका. वस्ताद, आज रविवार हाय बरं का. मगाशी तुमचं चुकलं."