देवजीचा डावा खांदा

मी एक जुनी चौकट आहे, आटगावजवळच्या देवजीच्या घराची. त्याच्या बापाने माझं सागाचं लाकूड बैलगाडीतून आणलं, सुताराने मला घडवलं, आणि तेव्हापासून मी जागची हललेली नाही. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, एका जागी उभं राहून हिला काय कळणार? पण सगळं घर माझ्यातूनच ये-जा करतं. कोण दमून आलंय, कोण रुसून चाललंय, हे मला पावलांवरून कळतं. नवी होते तेव्हा पाहुणे माझ्यावरून हात फिरवून जायचे. पुढे घरात लाद्या आल्या, टीव्ही आला, आणि माझ्याकडे कुणी बघेनासं झालं.

गेल्या वर्षापासून मात्र मला एक कोडं पडलं. देवजी मला धडकू लागला! साठी उलटली तरी शेताच्या बांधावरून सरळ चालणारा माणूस हा. आत येताना माझ्या एका बाजूला आपटायचा, बाहेर जाताना दुसऱ्या बाजूला. असं का, याचा विचार करकरून मी थकले. लाकडाचंच डोकं माझं!

घरच्यांनी ते कोडं झटक्यात सोडवून टाकलं. त्याची बायको जनी एका संध्याकाळी कडाडली, "कुठं ढोसून येता वो? सून काय म्हणंल?"

"देवाशपथ, थेंब नाय घेतला," देवजी म्हणाला.

पण विश्वास कोण ठेवणार? शेजारी हसू लागले. जनीने बोलणं टाकलं, आणि देवजी ओटीवर एकटाच जेवू लागला. त्याच्या तोंडाला कधी वास नसायचा, हे मला ठाऊक होतं. सांगता येत नव्हतं, म्हणून जीव तुटायचा.

दसऱ्याला सून हर्षालीने मला निळा रंग दिला. किती वर्षांनी अंगावर रंग चढला! तो वाळायच्या आतच देवजी आत-बाहेर करून सदरा माखून बसला. हर्षाली सदरा धुवायला गेली आणि थबकली.

"आई, हे बघा. सगळा रंग डाव्या खांद्याला. उजवा कोरा हाय."

"मग?"

"पिणारा दोन्ही अंगाला झुलतो ना? बाबांना डावीकडचं दिसत नाय वाटतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. धडकायची बाजू माझी बदलत होती, खांदा मात्र त्याचा तोच होता.

शहापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेने जात होती, डाव्या डोळ्याची जास्त. दुखत नव्हतं, समोरचं दिसत होतं, म्हणून देवजीला स्वतःलाही पत्ता लागला नाही. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली राखायची तर औषधाचे थेंब रोज डोळ्यांत घालायचे होते.

हे ऐकून जनी माझ्या उंबऱ्यावरच बसली. "काय काय बोलले वो मी तुमाला," म्हणत रडू लागली.

"मलाच नाय कळलं, तुला कसं कळंल गो?" देवजी म्हणाला.

मित्रांनो, घरातलं वयस्क माणूस धडकू लागलं, चाचपडू लागलं, तर त्याला हसू नका. आणि मोठ्यांना सांगा, चाळिशीनंतर सगळं स्पष्ट दिसत असलं तरी डोळे तपासून घ्या. माझ्यासारखी मुकी चौकट तुम्हाला सांगायला येणार नाही.

आता थेंब जनीच घालते. देवजी बाहेर निघाला की ती हातातलं काम टाकून येते आणि त्याच्या डाव्या अंगाला, माझ्यावर तळहात टेकून उभी राहते. त्याचा खांदा तिच्या हाताला लागतो, तो जरासा उजवीकडे सरकतो आणि नीट बाहेर पडतो.