खोडे सरांच्या वर्गातला एक उजवा हात

टक्. खोडे सरांच्या बोटातली तांब्याची अंगठी टेबलाच्या कडेवर वाजायची, आणि त्या इवल्याशा नादासरशी पंचेचाळीस मुलांचे हात हवेत उभे राहायचे. मार्गशीर्षाचं कोवळं ऊन छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून तिरपं उतरलेलं असायचं, त्या उन्हात खडूची धूळ संथपणे तरंगत असायची, बाहेरच्या रस्त्यानं कापसानं भरलेल्या बैलबंड्या जिनिंग कारखान्याकडे कुरकुरत जायच्या, आणि आत ते हात, निश्चल, एका उंचीचे, एकही बोट न हलवणारे. गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बरे बोलावेत अशी आपल्याकडे रीत आहे. मला ती साधत नाही. खोडे सरांना जाऊन वर्ष होत आलं, माझा राग मात्र अजून इथंच आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि मी बी.एड. करत होते. हिंगणघाटहून सकाळच्या एस.टी.नं निघायचं, वडनेरच्या पुढच्या एका गावी उतरायचं, आणि तिथल्या हायस्कुलात नववीच्या शेवटच्या बाकावर बसून इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राचे वीस तास नुसते पाहायचे. पाहिलेल्या प्रत्येक तासाचं निरीक्षण वहीत एक पान, आणि प्रत्येक पानाखाली विषयशिक्षकाची सही. सही नाही तर परीक्षेचा पाठ नाही, पाठ नाही तर पदवी नाही. वडिलांनी मला एकच वर्ष दिलं होतं. "झालं तं झालं, नाई तं स्थळं पडलीच आहेत," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला होता.

पहिले दहा दिवस मी त्या माणसावर भाळले होते, हे कबूल करायला आजही जीभ जड होते. ताठ बांधा, तेल लावून मागे बसवलेले केस, बारा महिने गळ्यापर्यंत लावलेल्या गुंड्या. वर्गाकडे तोंड करून, हात पाठीमागे नेऊन, फळ्याकडे न बघता ते महाराष्ट्राचा नकाशा एका रेषेत काढायचे, आणि कोकणच्या खाचाखोचांपासून गडचिरोलीच्या अरण्यापर्यंत ती रेषा कुठंही डळमळायची नाही. हक्क आणि कर्तव्यं ते अशा खर्जात सांगायचे की कर्तव्यं तेवढी ऐकू यावीत. मग प्रश्न, मग अंगठी, मग हातांचं ते घनदाट रान. ते ज्याला उभं करतील त्याचं उत्तर बिनचूक. मी वहीत लिहीत गेले : प्रतिसाद, सर्व विद्यार्थी, वर्गनियंत्रण, अत्युत्तम. सर वाचायचे, मिशीत हसायचे आणि वळणदार सही ठोकायचे.

माझ्या शेजारी, त्याच शेवटच्या बाकावर, शेवंती बसायची. सावळी, लांब मानेची, गावाबाहेरच्या गोंडांच्या वस्तीतून येणारी पोर. नववीत तिचं हे दुसरं वर्ष. सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तिच्या ओठांवर येऊन विरून जायचं, आणि ते मला ऐकू यायचं. तिचाही हात वर असायचा. तिला मात्र कधीच कुणी विचारलं नाही.

मधल्या सुट्टीत विहिरीपाशी मी तिला गाठलं. "सर तुला का गं विचारत नाहीत?"

"माहा डावा हात वर जाते ना, बाई."

"मग?"

ती माझ्याकडे कीव आल्यागत बघत राहिली. "ज्याले येते त्यानं उजवा करायचा, ज्याले येत नाई त्यानं डावा. साहेब तपासाले आले का सगळ्यायचे हात वर दिसले पायजेत, म्हणून सरनं ठरवून देल्लं हाय. तुमाले नाई माहीत?"

नव्हतं माहीत. दहा दिवस मी डोळे फाडून बघत होते, दहा पानं भरून लिहीत होते, आणि मला दिसलं काहीच नव्हतं. "अगं, मग उजवा कर ना तू!"

"उत्तर याद राह्यते, बाई," ती म्हणाली. "हात याद नाई राह्यत."

ती जन्माची डावरी. पेन्सिल डाव्या हातात दिसली की बोटांवर फूटपट्टी, असं करून सरांनी तिचं लिहिणं उजव्या हातावर आणलं होतं. पण उत्तर सुचल्याच्या आनंदात जो हात आपसूक उसळतो त्याला कोण आवरणार? दोन वर्षं ती 'येतं' म्हणून हात वर करत होती आणि दोन वर्षं सर तो 'येत नाही' म्हणून वाचत होते. तोंडी परीक्षेत गुण नाहीत, त्यापायी एकदा नापास. आईनं निक्षून सांगितलं होतं, यंदाही नापास झाली तर शाळा बंद, कापूस वेचणीला चल.

त्या संध्याकाळी मी पान लिहिलं, खरं खरं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी ते शिक्षकांच्या खोलीत उभ्यानंच वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि वही एका बोटानं माझ्याकडे सरकवली.

"हे निरीक्षण आहे का तक्रार? डाव्या हातानं लिहीत होती ही पोरगी. दोन वर्षं मेहनत घेऊन मी तिले उजव्यावर आणली, अन् तुम्ही मलेच शिकवता? पान बदलून आणा, बाई. सही करून टाकतो."

काय माणूस होता! आवाज चढवला नाही, डोळे वटारले नाहीत. रोजच्या दुधात पाणी घालावं इतक्या सहजपणे त्यानं मला खोटं लिहायला सांगितलं. आणि मी? मी पान फाडलं. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, स्वतःलाच व्यवहार शिकवला, आणि नव्या पानावर लिहिलं : प्रतिसाद, सर्व विद्यार्थी. सही फार सुरेख आली.

मन खात होतं म्हणून मी एक पळवाट काढली, आणि तिला उपाय हे नाव दिलं. पौषात माझा परीक्षेचा पाठ त्याच वर्गावर होणार होता. मागच्या बाकावर बाहेरचे परीक्षक आणि त्यांच्या शेजारी खोडे सर. पाहुण्यांच्या देखत शेवंतीनं एक जरी उत्तर दिलं, तरी सरांना तिचे तोंडी गुण अडवता येणार नव्हते. प्रश्नही मी तिचाच निवडला. वर्धा आणि वैनगंगा मिळून कोणती नदी होते? त्या नदीच्या काठी तिच्या मामाचं गाव होतं; प्राणहितेच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या कशा लावतात हे तिनंच मला सांगितलं होतं. निरीक्षण वहीची लाल नाडी तोडून मी तिच्या उजव्या मनगटाला बांधली. "हा हात. काही झालं तरी हाच हात," मी दहादा बजावलं. तिनं दहादा मान हलवली.

पाठाच्या दिवशी मी नद्यांपर्यंत आले आणि प्रश्न विचारला. हातांचं रान उभं राहिलं, आणि त्यात लाल नाडीचा उजवा हात अगदी ताठ, कोपर कानाला चिकटवून. मी तिचं नाव घेतलं.

शेवंती उभी राहिली. हात वरच. डोळे त्या नाडीवर खिळलेले, ओठ किंचित विलग, आणि त्या ओठांवर काही नाही. जिला उत्तर प्रश्नाच्या आधी यायचं, तिनं त्या दिवशी सगळा जीव हात लक्षात ठेवण्यात घातला होता. मी प्रश्न पुन्हा विचारला, माझाच आवाज मला केविलवाणा वाटला. उन्हाचा कवडसा फळ्यावरून खाली सरकला. कुणीतरी खोकलं. मग मागून आवाज आला, टक्, आणि सर परीक्षकांकडे वाकून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "काही मुलं असतातच अशी. हात तेवढा वर."

मी पास झाले. तिच्या आईला शाळेत बोलावून सरांनी हा प्रसंग सांगितला, परीक्षकांच्या हवाल्यानं सांगितला. संक्रांतीनंतर हजेरीत तिचं नाव राहिलं नाही. शेवटच्या खेपेला एस.टी.च्या खिडकीतून मी तिला पाहिलं. पराटीच्या ओळीत, कमरेला ओटी बांधून, ती कापूस वेचत होती, दोन्ही हातांनी. माझ्याकडे पाहून तिनं हात केला. कोणता, ते बघायचा मला धीर झाला नाही.

आता मी स्वतः शिकवते. माझ्या वर्गात हात वर करायचे नाहीत, ज्याला येतं त्यानं बसल्या जागी बोलावं. गोंगाट होतो, वरिष्ठ नाराज होतात, होऊ देत. खोडे सरांचा नकाशा मी किती वेळा पाठमोरी काढून पाहिला, तो काही जमत नाही, आणि जमत नाही याचाही मला त्यांच्यावरच राग येतो. पण वर्षं जातात तसतशी त्यांची मूर्ती धूसर होत चालली आहे, गुंड्या, मिशी, तो खर्ज, सगळं पुसट. दरवर्षी नद्यांचा पाठ येतो तेव्हा त्या धुरकटातून स्पष्ट दिसतो तो एकच हात, उजवा, लाल नाडीचा, जो सरांनी नव्हे, मी वर करायला लावला, आणि इतक्या वर्षांत जो खाली घे म्हणून सांगायला मी एकदाही त्या गावी उतरले नाही.