निळ्या चाकांची जीप

मित्रांनो, मी जीप आहे आणि जुनी आहे, या दोन गोष्टी मला खात्रीने सांगता येतात. मी चांगली जीप आहे की नाही, याबद्दल मात्र बरीच वर्षं माझी मलाच शंका होती. ती शंका एका तळ्याच्या काठी, भर चिखलात फिटली. आज ते आठवलं तरी माझं इंजिन धडधडू लागतं. तेव्हा सांगताना थोडं पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हाच लोक म्हणत होते, "ही फोर व्हील आहे." म्हणजे साध्या गाडीची दोनच चाकं जोर लावतात, पण वेळ आली तर माझी चारही लावू शकतात. धरणांची कामं पाहणाऱ्या एका सरकारी कचेरीत मला नोकरी लागली. माझ्या ड्रायव्हरचं नाव रखमाजी. सांडवे, कालवे, माळरानं, आम्ही दोघांनी सगळं पालथं घातलं. पुढे चिखल दिसला की रखमाजी खाली उतरायचा. माझ्या पुढच्या एका चाकाशी वाकून हात लावायचा, मग दुसऱ्या चाकाशी. नंतर आत येऊन गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचा. आणि मग मी चिखलातून अशी निघायचे, जशी तळ्यात डुंबलेली म्हैस धन्याची हाक ऐकून निघते!

रखमाजी माझ्या पाया पडतो, असं मला वाटायचं. मी अगदी संकोचून जायचे. पण खरं सांगते, आतून सुखावायचेही.

पुढे रखमाजी निवृत्त झाला, आणि काही काळाने माझाही लिलाव झाला. अंबडच्या तातेराव गुरुजींनी मला घेतलं. माझ्या खोडी आणि खुब्या सांगायला तेव्हा जवळ कोणीच नव्हतं. मी त्यांच्या दारात आले तो महिना एप्रिलचा. भीमजयंती तोंडावर आलेली. तातेरावांनी डबा उघडला आणि माझ्या पुढच्या चाकांच्या मधोमध जी गोल बोंडं आहेत, त्यांना निळाशार ऑइलपेंट दिला. मिरवणुकीत मी सगळ्यांत पुढे होते. पोरं म्हणत होती, "गुरुजींची जीप बघा, निळ्या डोळ्यांची!" तेव्हापासून दर जयंतीला रंगाचा नवा हात, हा आमच्या घरचा रिवाजच झाला.

आता तळ्यांचं वेड कसं लागलं ते सांगते. एकदा तातेराव, त्यांच्या बायको गिरिजाबाई आणि शाळेत जाणारा सुमित लेणी बघायला निघाले. सोबत चांदणी नावाची कुत्री होती. मुक्कामाला एका लॉजवर गेलो, तर दारातला माणूस म्हणाला, "माणसं चालतील, कुत्रं न्हाई."

"ती बी घरचंच माणूस हाय," गिरिजाबाई म्हणाल्या.

"मंग घरीच ठेवायचं."

तातेरावांनी उतरवलेली पिशवी परत माझ्यात टाकली. "चला. जिथं चांदणीला जागा न्हाई, तिथं आपल्याला बी झोप येणार न्हाई."

येता येता रस्त्याच्या कडेला एक तलाव लागला. पाण्यावर संध्याकाळचं ऊन पसरलं होतं आणि काठावर चिटपाखरू नव्हतं. म्हणजे पाखरं होती, माणूस नव्हतं. तलावाच्या भिंतीवरच्या चौकीदाराला विचारलं. तो म्हणाला, "राहा की. पाणी काही माझ्या बापाचं न्हाई. फक्त घाण करू नका." ना फाटक, ना पावती, ना कुत्र्याला बंदी! माझ्या टपाला ताडपत्री बांधून तंबू केला. तीन दगडांची चूल झाली. सुमितने पहिल्यांदा चुलीवरचं पिठलं खाल्लं आणि जाहीर केलं, "आता मी लॉजला कधीच न्हाई जाणार."

मग काय, सुट्टी लागली की आम्ही निघालोच! आज बदनापूरकडचा तलाव, उद्या भोकरदनकडचं धरण. काठाची वाट जितकी वाईट, तितका मला आनंद. परत निघताना गिरिजाबाई आधी सगळा काठ फिरून कागद-पिशव्या गोणीत भरायच्या. चांदणी गेली, पण तिचा नातू खंड्या आला. तो खंड्या पक्ष्यासारखाच पाण्यात सूर मारतो, म्हणून त्याचं नाव तसं.

पण मित्रांनो, चिखलात मात्र मी नापास होऊ लागले. तातेराव छोटा दांडा ओढायचे, मी घुरघुरायचे, आणि मागची चाकं जागच्या जागी गरगरायची. पुढची दोन्ही नुसती बघत राहायची. एका मेकॅनिकने सांगितलं, "पुढचं आतून गेलंय. ह्याचे पार्ट आता भेटत न्हाईत." दोनदा मला ट्रॅक्टरने ओढून काढलं. दोरीला बांधून ओढलं जाणं काय असतं, ते तुम्हाला कसं सांगू? मला वाटू लागलं, फोर व्हील ही माझी बढाईच असावी. कदाचित मी ती कधीच नव्हते.

सुमित आता मोठा झाला आहे. जालन्याच्या एमआयडीसीत, सळया करणाऱ्या मिलमध्ये तो कामाला आहे. तिथं भंगार भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर येतं. मार्च महिन्यात एका सकाळी, आम्ही तळ्यावर निघताना, तो तातेरावांना म्हणाला, "बाबा, ही शेवटची खेप. सोमवारी मी हिला यार्डात नेऊन सोडतो. भंगारवाल्या चाचांना शब्द दिलाय."

तातेरावांनी माझ्या बॉनेटवरून फडकं फिरवलं, मग परत एकदा फिरवलं. सळई होणं काही वाईट नाही, असं मी मनाला समजावलं. एखाद्याच्या घराच्या खांबात उभं राहता येईल. पण मित्रांनो, सळईला तळं दिसत नाही.

हसनाबादच्या पुढे एका तलावावर आम्ही पोचलो. पाणी आटून बरंच मागे गेलं होतं. काठच्या गाळात कोणी टरबुजाचे वेल लावले होते. पलीकडे बदकांचा थवा! खंड्या उडी मारून भुंकत सुटला. माझंही भान सुटलं. शेवटची खेप आहे हे मी पार विसरले.

"बाबा, इथंच लावा," सुमित म्हणाला.

"शेवटचं हाय रे. पाण्यापाशी जाऊ दे तिला."

समोरची काळी माती वाळून भेगाळली होती. रस्त्यासारखी टणक दिसत होती. पण पापुद्र्याखाली गाळ ओलाच होता. थोडं पुढे गेले आणि 'फस्स' करून चारही चाकांनी खाली बसले.

तातेरावांनी दांडा ओढला. मागची चाकं गरगरली, चिखल उडाला, मी आणखी खोल गेले.

"झालं!" सुमितने कपाळाला हात लावला. "बोलवा ट्रॅक्टर."

"दांडा टाकलाय मी."

"दांडा टाकून काय व्हतंय? पुढचं मेलंय तिचं, बाबा. मेल्याला किती हाका मारता?"

तातेरावांनी दांड्यावरचा हात काढला. मीही इंजिन बंद पडू दिलं. तेवढ्यात गिरिजाबाई बादली आणि उलथणं घेऊन आल्या आणि माझ्या पुढच्या चाकाशी बसल्या.

"अगं, ही काय आंघोळ घालायची वेळ हाय?" तातेराव म्हणाले.

"सोमवारी जायची ना ती? मंग अशी बरबटलेली न्हाई जाऊ देणार मी. जयंतीचा रंग हाय त्याच्यावर."

त्या उलथण्याने चिखल खरवडू लागल्या. खंड्या शेजारी बसून त्यांचा कान चाटत होता. "सर की मेल्या, हात हालतोय," म्हणेपर्यंत उलथणं निसटलं आणि निळ्या रंगाचा जाड पोपडाच निघून आला. एवढ्या जयंत्यांचे थर, भाकरीच्या पापुद्र्याएवढे! त्याखाली एक खाच होती, आणि बारीकसा बाण.

"अहो, इकडं या. हे तर गॅसच्या बटणावानी दिसून राह्यलं."

"ते नुसतं झाकण हाय."

"झाकणाला बाण कशाला लागतो?"

गिरिजाबाईंनी खाचेत उलथणं घातलं आणि जोर लावला. आधी काहीच हललं नाही. मग 'कटक' असा आवाज आला. मित्रांनो, माझ्या अंगातून सरसरून काहीतरी गेलं! झोपलेल्या पायाला मुंग्या याव्यात तसं. त्यांनी दुसऱ्या बाजूचाही पोपडा काढला, पुन्हा 'कटक'. आणि एकदम मला रखमाजी आठवला. वाकणारा, एका चाकाशी, मग दुसऱ्या. तो माझ्या पाया पडत नव्हता! तो माझी पुढची चाकं इंजिनाला जोडत होता!

तातेराव आत बसले. सुमित धक्का द्यायला मागे गेला. दांडा ओढला गेला, आणि माझ्या चारही चाकांनी एकदम गाळाला धरलं. मी थरथरले, गुरगुरले, आणि निघाले! टणक जमिनीवर येईपर्यंत थांबलेच नाही. खंड्या वेड्यासारखा पुढे धावत होता. मागे सुमित डोक्यापासून पायापर्यंत काळा झाला होता, फक्त दात दिसत होते.

"काय रे," गिरिजाबाई म्हणाल्या, "मेलेल्यानं आंघोळ घातली वाटतं तुला?"

सुमित इतका हसला की खालीच बसला. तातेराव मात्र माझ्या चाकाशी उभे होते. "म्या बुजवलं गं ते. दरसाली, एकावर एक."

"मायेनंच बुजवलं ना? मंग आता मायेनंच उघडं ठेवा."

सुमितने चिखलाच्याच हाताने फोन लावला. "चाचा, जीप न्हाई येऊन राह्यली... न्हाई, बिघाड न्हाई. उलट बिलकुल बराबर चालून राह्यली, चारी पायांवर!" आणि मग हळूच, "माझं बालपण हाय चाचा हिच्यात. भट्टीत कसं टाकू?"

त्या संध्याकाळी तळ्याकाठी खिचडी झाली, आणि खंड्याला पहिला घास मिळाला.

यंदाच्या जयंतीला तातेरावांनी पुन्हा निळा डबा उघडला. पण या खेपेला ते ब्रश फिरवत असताना गिरिजाबाईंनी त्या खाचेवर अंगठा दाबून धरला होता. मिरवणुकीत मी पुढे होते, आणि माझ्यामागे चालणाऱ्या गिरिजाबाईंचा अंगठा निळा होता.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, पंखा असेल. त्याला खुशाल सजवा. पण "आता ह्याच्यात काही राहिलं नाही" म्हणण्याआधी एकदा वाकून बघा. आणि तळ्याकाठी आलात, तर तुमचा कचरा तुमच्यासोबत परत न्या.

रखमाजीचं वाकणं हा नमस्कार नव्हता, हे मला आता कळलं आहे. पण खरं सांगू? मला वाटतं, तो नमस्कारच होता.